लेखापालाने माहिती तंत्रज्ञानात प्रवेश कसा करावा

चिपळूण, रत्नागिरी किंवा कुडाळ येथील पतसंस्थेत अथवा कर सल्लागाराच्या कार्यालयात काही वर्षे हिशेब सांभाळलेल्या व्यक्तीने माहिती तंत्रज्ञानाकडे वळताना आपले लेखाज्ञान बाजूला ठेवू नये. बँकिंग, कर आणि ईआरपी (कंपनीचे हिशेब, साठा, खरेदी-विक्री एकत्र सांभाळणाऱ्या) प्रणाली घडवणाऱ्यांना नावे-जमा पक्के समजणारा माणूस लागतो, आणि प्रवेश तिथूनच घ्यावा, असे माझे ठाम मत आहे.

प्रारंभ एसक्यूएलपासून, म्हणजे डेटाबेसमधून माहिती काढण्याच्या भाषेपासून करावा. खतावणी वाचणाऱ्याला डेटाबेसमधील तक्ते लवकर उमगतात. पोस्टग्रेएसक्यूएल हे डेटाबेसचे सॉफ्टवेअर विनामूल्य मिळते. ते स्वतःच्या संगणकावर बसवावे आणि धडेही आधीच उतरवून घ्यावेत, कारण पावसाळ्यात आपल्याकडे इंटरनेटचा भरवसा धरता येत नाही.

पहिला प्रकल्प म्हणून खरेदी नोंदवही आणि जीएसटीआर-२बी (पुरवठादारांनी भरलेल्या माहितीवरून जीएसटी पोर्टलवर तयार होणारे आपल्या खरेदीचे विवरण) यांची जुळवणी घ्यावी. पुरवठादाराचा जीएसटी क्रमांक व बिल क्रमांक यांवर ‘लेफ्ट जॉइन’ (पहिल्या तक्त्यातील सर्व नोंदी ठेवून दुसऱ्यातील जुळणाऱ्या नोंदी त्यांना जोडणारी एसक्यूएलची आज्ञा) लावला की आपल्या वहीत असलेली, परंतु २बीमध्ये न उतरलेली बिले वेगळी काढता येतात. खरे काम त्यानंतर सुरू होते: एकीकडे बिल क्रमांक ‘००१२’ असतो, दुसरीकडे ‘१२’, तारखांची मांडणी निराळी असते, पूर्णांकनामुळे रुपयाचा फरक पडतो. यांपैकी कोणता फरक सोडून द्यायचा आणि कोणत्यासाठी पुरवठादाराला दूरध्वनी करायचा, हा निर्णय लेखापालाचा अनुभवच देतो, आणि तोच नियम प्रोग्राममध्ये लिहायचा असतो. मात्र अशिलांची खरी माहिती यासाठी कदापि वापरू नये. एखाद्या काजू प्रक्रिया कारखान्याची काल्पनिक बिले तयार करावीत.

पुढे पायथन ही प्रोग्रामिंग भाषा शिकावी. तिच्यात रकमा ‘फ्लोट’ या अपूर्णांक अंदाजे साठवणाऱ्या प्रकारात ठेवू नयेत, कारण तिथे ०.१ अधिक ०.२ यांचे उत्तर नेमके ०.३ येत नाही, दशांश नेमके साठवणारा ‘डेसिमल’ वापरावा.

मासिक विवरणपत्रे भरणाऱ्यांचे ११ आणि २० तारखेपर्यंतचे दिवस जीएसटीआर-१ (विक्रीचे विवरणपत्र) व ३बी (कर भरण्याचे संक्षिप्त विवरणपत्र) यांमध्ये जातात, म्हणून अभ्यासाचा मुख्य भाग २१ तारखेनंतर ठेवावा आणि मार्चमध्ये नवा विषय हाती घेऊ नये.

अर्ज करताना थेट डेव्हलपरच्या जागेपेक्षा ईआरपी सल्लागार, बिझनेस अॅनालिस्ट (व्यवसायाच्या गरजा प्रोग्राम लिहिणाऱ्यांना समजावून देणारा) किंवा बँकिंग सॉफ्टवेअरचे टेस्टिंग या जागा आधी पाहाव्यात. मुंबई-पुण्यास जावे लागण्याची आणि सुरुवातीस पगार घटण्याची शक्यता घरी आधीच बोलून घ्यावी. अर्जासोबत जुळवणीचा प्रकल्प जोडावा आणि कोणते फरक कोणत्या नियमाने सोडवले, ते एका पानात लिहावे.