बीट, गाजर, रताळ्याचे चिप्स: हेल्दी म्हणून खाताय तर हे बघून घ्या

पाकिटावर बीट-गाजराचा फोटो दिसला की आपण बिनधास्त घेतो, बटाट्याचे नाहीत ना मग चांगलेच असणार. पण पाकीट उलटं करा आणि दर १०० ग्रॅमचा तक्ता वाचा. तळलेले असतील तर फॅट बहुतेक वेळा ३० ग्रॅमच्या आसपास आणि कॅलरी ५०० च्या घरात, म्हणजे साध्या वेफर्सपेक्षा फार काही कमी नाही. कारण सोपंय, १०० ग्रॅम गाजरात ८८ ग्रॅम पाणीच असतं, तळताना ते वाफ होऊन उडतं आणि त्या जागी तेल शिरतं. व्हिटॅमिन सी पण उष्णतेनं बरंच जातं. फायबर, पोटॅशियम मात्र टिकतं, त्यामुळे अगदीच वाया असंही नाही.

म्हणून माझं म्हणणं, घरी भाजा. २०० ग्रॅम रताळं घ्या, साल काढू नका, नुसतं घासून धुवा आणि स्लायसरवर दोनेक मिलिमीटरचे सारखे काप करा. सारखे हवेतच, नाहीतर पातळ जळतात आणि जाड मऊच राहतात. मग काप कपड्यावर पसरून दाबून दाबून कोरडे करा, या स्टेपला घाई करू नका कारण ओल राहिली की चिप्स चामट होणार. एक छोटा चमचा तेल हाताने चोळा, ट्रेमध्ये एकावर एक न येता लावा, १४०-१५० डिग्रीवर ठेवा, वीस मिनिटांनी उलटा आणि मग तिथेच उभे रहा, रताळ्यात आणि बीटात साखर असते त्यामुळे शेवटच्या दोन-चार मिनिटांत रंग झपकन बदलतो. कडा जरा सोनेरी झाल्या की काढा. गडद तपकिरी होऊ देऊ नका, १२० डिग्रीच्या वर साखर आणि अ‍ॅस्पॅरजिन (भाजीतलंच एक अमिनो आम्ल) मिळून अ‍ॅक्रिलामाइड नावाचं घातक रसायन तयार होतं आणि रंग जितका काळा तितकं ते जास्त. बीटाचा रंग कळत नाही, तिथे कडा वळल्या की बास.

आता हिशोब बघा. २०० ग्रॅम रताळ्याच्या साधारण १७० कॅलरी आणि तेलाच्या ४०, झाल्या २१०, आणि चिप्स निघतात पन्नासेक ग्रॅम. तेवढ्याच तळलेल्यांत अडीचशे, म्हणजे कॅलरी खूप कमी होत नाहीत हे लक्षात ठेवा, खरा फरक तेलात आहे, १५ ग्रॅमच्या जागी ५. वर रताळ्याचं ६ ग्रॅम फायबर मिळतं, आणि केशरी रताळं असेल तर बीटा कॅरोटीन (ज्यापासून शरीर व्हिटॅमिन ए बनवतं), जे अंगी लागायला थोडं तेल लागतंच, म्हणून तेल शून्य करायच्या मागे लागू नका.

मीठ भाजून झाल्यावर चिमूटभरच. प्रोटीन यात नावालाच असतं, सोबत घट्ट दही घेतलं तर पोट भरतं. किडनी स्टोन होऊन गेला असेल तर बीटाचे चिप्स डॉक्टरांना विचारूनच, त्यात ऑक्झलेट, म्हणजे खडे व्हायला मदत करणारा घटक, जास्त असतं. पूर्ण गार झाल्यावरच डब्यात भरा, नरम पडले तर परत पाच मिनिटं ओव्हनमध्ये टाका.