दूध खरंच पाश्चराइज झालं का? फॉस्फेटेज टेस्ट अशी करा

नागपुरात आजकाल बरेच छोटे डेअरीवाले व्हॅट (दूध तापवायची मोठी टाकी) घेऊन स्वतःच दूध पाश्चराइज करून राहिले, चांगलंच आहे, पण पक्कं झालं का विचारलं तर म्हणतात थर्मामीटरवर 63 आलं होतं न. अरे बाप्पा, थर्मामीटर जिथं बुडवलं तिथलंच सांगते, वरच्या फेसातलं किंवा खालच्या व्हॉल्व्हपाशी अडकलेलं दूध तेवढं तापलेलंच नसते. म्हणून टेस्ट दुधाचीच करायची.

कच्च्या दुधात अल्कलाइन फॉस्फेटेज नावाचं एन्झाइम असते. 63 डिग्रीवर 30 मिनिटं नाहीतर 72 वर 15 सेकंद बरोबर दिले की ते निकामी होते, आणि टीबीचे जंतू त्याच्या आधीच मरतात, सगळी टेस्ट यावरच उभी आहे.

लॅब केमिकलच्या दुकानातून पॅरा-नायट्रोफिनाइल फॉस्फेट आणा, ते कार्बोनेट-बायकार्बोनेटच्या बफरमध्ये (अल्कलीपणा स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात) मिसळतात. दुधात फॉस्फेटेज शिल्लक असलं की ते यातून पिवळं पॅरा-नायट्रोफिनॉल मोकळं करते, म्हणजे जितकं पिवळं तितकं दूध कच्चं. द्रावण गडद बाटलीत, फ्रिजमध्ये ठेवा, आधीच पिवळं दिसत असेल तर सरळ फेकून द्या. स्वच्छ टेस्टट्यूबमध्ये 5 मिली द्रावण घ्या, 37 डिग्रीवर आणा, त्यात 1 मिली दूध टाका, बूच लावून उलटंपालटं करा आणि 37 च्याच वॉटरबाथमध्ये 2 तास ठेवा. मे महिन्यात आपल्याकडं खोलीच 40 च्या वर जाते, तेव्हा बाथवर लक्ष ठेवा, वाटल्यास थंड पाणी घाला. पिपेट तोंडानं ओढू नका, थुंकीतही फॉस्फेटेज असते, चांगलं दूधही फेल दिसेल.

आता सगळ्यात महत्त्वाचं, जे लोक हमखास टाळतात: तेच दूध उकळून थंड करून त्याची दुसरी ट्यूब सोबत लावायचीच. दुधाला स्वतःचीच थोडी पिवळट झाक असते, गाईच्या तर जास्तच, बाजूला ही ट्यूब नसली तर डोळा फसतो. दोन्ही ट्यूब सारख्या दिसल्या तर पास. तुमची जास्त पिवळी झाली तर कलर डिस्कवर (रंग जुळवून पाहायच्या चकतीवर) मोजा, मिलीलिटरमागं 10 मायक्रोग्रॅम पॅरा-नायट्रोफिनॉलच्या वर गेलं की फेल. हजार लिटरमध्ये दोन लिटर कच्चं दूध मिसळलं तरी ही टेस्ट पकडते.

लॅक्टोमीटर किंवा मिथिलीन ब्लूनं हे कळत नाही, त्यांचं काम वेगळं आहे: पहिलं दुधाची घनता पाहते, दुसरं जंतू किती आहेत याचा अंदाज देते. आणि पाश्चराइज झाल्यावर घाणेरड्या कॅनमुळं दूध खराब झालं तर ते फॉस्फेटेजही सांगत नाही.

फेल आलं तर तो माल थांबवा, परत तापवा, आणि आधी खालचा व्हॉल्व्ह खोलून पाहा, कच्चं दूध बहुतेक तिथूनच झिरपते.