क्रूझवरून एक दिवस कोचीला उतरताय? या चुका टाळा

मुंबईहून क्रूझने कोचीला जाणाऱ्यांची सगळ्यात कॉमन चूक म्हणजे शेड्यूलमध्ये सकाळी 8 ते संध्याकाळी 6 दिसलं की दहा तास मिळाले असं धरून चालायचं. अहो, उतरायला रांग, पोर्टच्या गेटवर चेकिंग, परत सुटायच्या बऱ्याच आधी सगळ्यांना आत घेतात, फिरायला उरतात सहा-सात तास. त्यातही निम्मी मंडळी मॉलमध्ये जातात!! मॉल काय ठाण्यातपण आहेत.

वार बघा आधी. मट्टनचेरीचा डच पॅलेस शुक्रवारी बंद, तिथल्याच ज्यू टाऊनचं सिनेगॉग (ज्यूंचं प्रार्थनास्थळ) शुक्रवार-शनिवार बंद. जहाज शुक्रवारी लागत असेल तर सरळ फोर्ट कोचीच धरा. रविवारी सकाळी फोर्ट कोचीच्या सेंट फ्रान्सिस चर्चमध्ये प्रार्थना चालू असते, तिथे दुपारी जा.

आता क्रम, कारण इथेच सगळं फसतं. जहाज विलिंग्डन आयलंडला लागतं, मट्टनचेरी पाण्यापलीकडे समोरच, पण रिक्षा तोप्पुंपडीच्या पुलावरून वळसा घालून जाते. लोक आधी फोर्ट कोचीला मासेमारीची चिनी जाळी बघायला पळतात, फोटो, शहाळं, फ्राय मासे, आणि सव्वा वाजता सिनेगॉगला पोचतात तर दार बंद, कारण 1 ते 3 सुट्टी. त्यापेक्षा वाटेत आधी लागणारं मट्टनचेरीच सकाळी 10 ला गाठा. सिनेगॉग 1568 चं, सगळे वर झुंबरं बघत बसतात पण खरी गंमत पायाखाली आहे, हाताने रंगवलेल्या निळ्या-पांढऱ्या चिनी टाइल्स. शॉर्ट्स, स्लीव्हलेस घालून आत सोडत नाहीत, दारात वाद घालू नका. पॅलेस पोर्तुगीजांनी बांधून कोचीच्या राजाला दिलेला, डचांनी नंतर नुसता दुरुस्त केला, तरी नाव डचांचं! भिंतीवरचं रामायण निवांत बघा, फोटोला बंदी आहे. जवळच चेरळाईत कोकणी कानावर पडली तर दचकू नका, पोर्तुगीजांच्या काळात गोव्याहून आलेल्या सारस्वतांची वस्ती आहे ती.

"शंभर रुपयात सगळी कोची फिरवतो" म्हणणारा रिक्षावाला भेटला की समजायचं, मसाल्याच्या आणि साडीच्या एम्पोरियममध्ये त्याचं कमिशन आहे. भाडं जरा जास्त ठरवा पण बसायच्या आधीच "दुकानं नकोत" सांगा.

फोर्ट कोचीत जाळीवाले काका दोर ओढायला बोलवतात, जरूर ओढा, वजन तोलायला लटकवलेले दगड एकेक करून खाली येतात आणि जाळं पाण्यातून वर येतं, मस्त दिसतं. पण नंतर पैसे मागतात, सुट्टे ठेवा. सेंट फ्रान्सिस चर्चमध्ये वास्को द गामाच्या थडग्यापाशी गर्दी असते. 1524 ला त्याला तिथे पुरलं खरं, पण 1539 ला अवशेष पोर्तुगालला नेले, आत कोणी नाहीये, दहा मिनिटं पुरे.

संध्याकाळी पुलावर ट्रॅफिक लागतं, तासभर हातात ठेवूनच निघा. जहाजाच्या रोजच्या पत्रकावर पोर्ट एजंटचा (बंदरावरच्या जहाज कंपनीच्या माणसाचा) नंबर असतो, त्याचा फोटो काढून ठेवा, उशीर होतोय वाटलं की पहिला फोन त्यालाच. आणि ओरिजिनल आयडी केबिनमध्ये ठेवून उतरू नका, गेटवर तर लागतोच, पण जहाज सुटलंच तर विमानाला किंवा एर्नाकुलमहून नेत्रावती एक्स्प्रेसने मुंबईच्या एलटीटीला (लोकमान्य टिळक टर्मिनस) यायलाही तोच लागेल.