चर्चच्या कामात नव्यानं येताय? आधी एक वार ठरवा

लग्न होऊन आमच्या धर्मग्रामात (पॅरिशमध्ये, म्हणजे एका चर्चच्या हद्दीत) आलेल्या सुना किंवा नुकतंच दृढीकरण (श्रद्धा पक्की करण्याचा संस्कार) झालेली मुलं मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, सुटल्यावर गाठतात, "आंटी, चर्चमध्ये काही काम असलं तर सांगा." मी उलट विचारते, "कुठला वार मोकळा आहे?" बऱ्याच जणांचा तिथंच हिरमोड होतो. त्यांना एखादं पद हवं असतं. पण आमच्याकडे काम टिकतं ते वारावर. मी वीसेक वर्षं चर्चगेटची लोकल पकडून बँकेत जात होते. गुरुवारची संध्याकाळ चर्चची, हे घरात एकदा ठरलं आणि मग त्यावरून भांडण झालं नाही. त्याआधी "आज जरा मीटिंग आहे" या वाक्यावर पुष्कळ झाली होती.

सुरुवात बहुतेक जण वाचनानं, म्हणजे मिस्सेत बायबलचा उतारा वाचण्यानं, करतात, मीही केली. वसईत आम्ही घरी कादोडी बोलतो आणि मिस्सा असते प्रमाण मराठीत, त्यामुळे वेदीवरच्या माइकसमोर जीभ आधीच बिचकलेली असते. त्यात माझ्या वाट्याला पहिलंच वाचन आलं पेंटेकॉस्टचं, पवित्र आत्म्याच्या आगमनाच्या सणाचं. बायबलमधल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकातल्या त्या उताऱ्यात अख्खा नकाशा आहे: पार्थी, मेदी, एलामी, कप्पदुकिया, पंत... फ्रुगियापर्यंत कशीबशी पोचले आणि पुढे गाडी रुतली. मागच्या बाकावरची पोरं खुसखुसली. घरी आईनं जेवण वाढताना विचारलं, "शेवटी पंफुल्याला पोचलीस ना?"

तेव्हापासूनचा माझा नेम सांगते. शुक्रवारी वाचन काढायचं आणि घरच्या कुणाला तरी मोठ्यानं ऐकवायचं. मनातल्या मनात वाचलेलं कामाला येत नाही. रविवारची वाचनं तीन वर्षांच्या चक्रात फिरतात. 'अ' वर्षी मत्तयचं शुभवर्तमान, 'ब' वर्षी मार्कचं, 'क' वर्षी लूकचं, आणि वर्ष बदलतं आगमनकाळापासून (नाताळाआधीच्या चार रविवारांच्या काळापासून), १ जानेवारीपासून नव्हे. मिस्सेच्या दहा मिनिटं आधी वेदीवर जाऊन पुस्तकातली फीत योग्य पानावर आहे ना ते स्वतः बघायचं. आदल्या वाचकावर विसंबून एकदा मी भलत्याच रविवारचं वाचन सुरू केलं होतं. आणि नाट्यवाचन करू नका, पौलाच्या पत्रात रडण्यासारखं फारसं काही नसतं.

२०२१ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी वाचकाचं अधिकृत सेवापद स्त्रियांना खुलं केलं, तेव्हा मला हसू आलं. आमच्याकडे बायका कितीतरी वर्षं वाचतच होत्या.

पण खरं काम मला गुरुवारी कळलं, गरजूंना मदत करणाऱ्या विन्सेंट दी पॉल सोसायटीत. ही सोसायटी १८३३ मध्ये पॅरिसला सुरू झाली, तीही विद्यार्थ्यांच्या पुढाकारानं. त्यांच्यातला फ्रेडरिक ओझानाम तेव्हा वीस वर्षांचा होता. तिची पद्धत साधी: गरजूच्या घरी जायचं, आणि दोघांनी जायचं. आम्ही सुरुवातीला छापील पिशवीतून रेशन न्यायचो. एक म्हातारी दार उघडायची, पिशवी झटकन आत ओढून घ्यायची आणि आम्हाला बसाही म्हणायची नाही. आम्हाला वाटायचं, बाई तुसडी आहे. तीन-चार महिन्यांनी माझ्या जोडीदारणीच्या लक्षात आलं की पिशवीवर सोसायटीचं नाव मोठ्या अक्षरांत आहे आणि समोरच्या ओट्यावर शेजारणी बसलेल्या असतात. पुढच्या गुरुवारी तांदूळ-डाळ भाजीच्या जुन्या कापडी पिशवीतून नेली, वर मेथीची जुडी ठेवली. त्या दिवशी चहा मिळाला, आणि पेन्शनचा अडकलेला फॉर्मही बाहेर आला. तांदळापेक्षा तिला त्या फॉर्मची गरज जास्त होती.

पॅरिश कौन्सिलवर (धर्मग्रामाच्या सल्लागार मंडळावर) घेतलं तर जा, पण नियम माहीत करून घ्या. १९८३ च्या कॅनन लॉप्रमाणे, म्हणजे कॅथलिक चर्चच्या कायद्याप्रमाणे, या कौन्सिलचं मत सल्ल्यापुरतं असतं. अर्थसमिती मात्र प्रत्येक धर्मग्रामात हवीच. हे ठाऊक नसलेले लोक पहिल्याच वर्षी फादरांशी वाजवून बसतात. पैशाला एकट्यानं हात लावू नका. दान मोजताना दोघं हवेत, कागदावर सह्याही दोघांच्या.

फादर बदलतात, हे तर लिहूनच ठेवा. एका फादरांच्या उत्तेजनानं मी मुलांसाठी कादोडी गाण्यांचा वर्ग चालवत होते. त्यांची बदली झाली, नव्यांनी महिन्याभरात तो बंद केला. मी सहा महिने शेवटच्या बाकावर तोंड फुगवून बसले. वाचन सोडलं, धर्मशिक्षणाचा वर्ग सोडला. गुरुवार तेवढा सुटला नाही, कारण म्हातारीला फादर कोण आहेत याच्याशी काही देणंघेणं नव्हतं. मी गेले नाही की ती निरोप पाठवायची. आता त्या वर्गाचा विचार करते तेव्हा वाटतं, तो मी फादरांच्या भरवशावर उभा केला होता. चार आया हाताशी धरल्या असत्या तर कुणाच्या तरी पडवीत चालला असता.

यंदा पेंटेकॉस्टचं वाचन कॉलेजातल्या एका मुलीला दिलंय. गुरुवारी ती माझी जोडीदारीण असते. वाडीतून चालताना हातातली मेथी सांभाळत ती 'फ्रुगिया, पंफुल्या' म्हणून दाखवते, आणि मी तिला पुन्हा पार्थीपासून सुरू करायला लावते.