संथ शटर आणि फ्लॅश : रात्रीची वरात टिपताना या चुका टाळा

विदर्भातल्या खेड्यांत वरात अनेकदा दिवस मावळल्यावर निघते, आणि फोटोत नवरदेवाचा चेहरा पांढराफटक व मागचे अख्खे गाव काळेकुट्ट येते. याचा दोष फ्लॅशला दिला जातो. खरे कारण १/२०० सेकंदावर ठेवलेले शटर असते. फ्लॅशचा झोत पूर्ण शक्तीवरही सेकंदाच्या काहीशेव्या भागात संपतो, म्हणून शटर १/१५ पर्यंत लांबवले तरी त्याने दिलेला उजेड वाढत नाही. वाढतो तो फक्त मांडवाचा आणि रस्त्यावरच्या दिव्यांचा. एकाच चौकटीत दोन वेगळी चित्रे उमटत असतात, आणि एकाची चूक दुसऱ्याच्या आधारे सुधारू पाहिली की सगळेच बिघडते.

सर्वाधिक फोटो वाया जातात ते दुहेरी प्रतिमेमुळे. नाचणाऱ्याच्या तोंडावर थेट हॅलोजन पडत असेल, तर फ्लॅशने गोठवलेल्या चेहऱ्याशेजारी हॅलोजनने रेखलेला दुसरा, फरकटलेला चेहरा उमटतो. मागे ट्यूबलाइट असेल तर ती फेट्याच्या कडेतून आरपार दिसते. अशा वेळी फ्लॅशची शक्ती वाढवण्याचा मोह आवरावा. आधी फ्लॅश बंद ठेवून, मॅन्युअल मोडवर, ऑटो आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता कॅमेऱ्याने आपोआप ठरवणे) काढून एक फोटो घ्यावा आणि तो एक ते दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे निम्मा उजेड) अंधारा येईल असे पाहावे. मगच फ्लॅश चालू करून त्याचे कॉम्पेन्सेशन, म्हणजे झोत कमीजास्त करण्याची सोय, उणे एकपासून जुळवावे. त्याहून सोपा उपाय म्हणजे हॅलोजन नाचणाऱ्यांच्या पाठीशी येईल अशी आपलीच जागा बदलणे. कॅमेऱ्यातील स्टॅबिलायझेशन हाताची थरथर आवरते, नाचणाऱ्याची हालचाल नव्हे.

अ‍ॅपर्चर प्रायोरिटीवर, म्हणजे शटरचा वेग कॅमेराच ठरवतो त्या मोडवर, विसंबू नये, कारण काही कॅमेरे फ्लॅश लावताच १/६० च्या खाली उतरत नाहीत, तर काही अंधारात थेट अर्ध्या सेकंदावर जातात.

प्रकाशाच्या रेघा नवरदेवाच्या घोड्यापुढे उमटत असतील, तर रिअर कर्टन सिंक निवडावे. मग फ्लॅश शटर मिटण्याच्या क्षणी उडतो आणि रेघा मागे राहतात. मात्र हा फरक १/४ किंवा त्याहून संथ शटरवरच ठळक दिसतो. नातेवाइकांच्या समूहफोटोला हे सिंक वापरू नये, कारण टीटीएलचा (लेन्समधून उजेड मोजून फ्लॅशची शक्ती आपोआप ठरवणाऱ्या पद्धतीचा) आधीचा बारीक झोत पाहून मंडळींना फोटो निघाला असे वाटते आणि खऱ्या झोतापूर्वीच ती हलतात.

पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकात तर, माझ्या मते, फ्लॅश वापरूच नये. रंगमंचाचे दिवे पुरतात आणि नटाचे डोळे दिपत नाहीत.

हळदीच्या रात्री पिवळ्या बल्बांत फ्लॅशचा पांढरा उजेड मिसळला की चेहरा निळसर आणि मांडव नारिंगी दिसतो. फ्लॅशवर नारिंगी जेल (रंगीत पारदर्शक पट्टी) लावून व्हाइट बॅलन्स, म्हणजे कॅमेऱ्याची रंगछटा जुळवणारी सेटिंग, ३२०० केल्व्हिनच्या आसपास ठेवावा. दिवे पांढऱ्या एलईडीचे असतील तर जेल काढून टाकावी.