रात्री इंजिन बंद, केबिन थंड: फ्युएल सेलचा हिशोब

भाऊ, मे महिन्यात सावद्याला केळी भरायला ट्रकचा नंबर लावलाय, छताला हात लावला तर चटका बसतो, पण म्हणून एसीसाठी रात्रभर इंजिन चालू ठेवू नका, डिझेल फुकट जळतं. आधी वीज किती लागते ते काढा. पार्किंग एसी (इंजिन बंद असताना चालणारा) 600 वॅटचा, झोप 8 तास, म्हणजे 4.8 युनिट. फ्युएल सेल, म्हणजे हायड्रोजनपासून वीज बनवणारं यंत्र, 1 किलो हायड्रोजनमधून साधारण 16 युनिट वीज देतो, म्हणजे रात्रीला 300 ग्रॅम पुरे आणि धूर नाही, नुसतं पाणी निघतं. हायड्रोजनची टाकी केबिनबाहेरच, तिच्या वरची जागा मोकळी, कारण हायड्रोजन गळला की वर चढतो. आपल्याकडे पंपावर हायड्रोजन येईपर्यंत याच हिशोबाने वेगळी बॅटरी लावा, लेड ॲसिड असेल तर दुप्पट क्षमतेची, स्टार्टिंगच्या बॅटरीवर एसी अजिबात नको.