विंडोजचा परवाना यंत्राचा की तुमचा? खरेदी आणि दुरुस्तीच्या वेळी या चुका टाळा

ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेचे पाणी कोल्हापूरच्या शाहूपुरीत आले, तेव्हा माझ्या परिचयातील एका कर सल्लागारांच्या तळमजल्यावरील कार्यालयातही ते शिरले आणि टेबलाखाली ठेवलेले दोन असेंबल्ड संगणक भिजले. हार्ड डिस्कवरील माहिती सुदैवाने परत मिळाली, पण दोन्ही मदरबोर्ड निकामी झाले होते. नवे मदरबोर्ड बसवल्यावर विंडोज १० सुरू झाले खरे, मात्र दोन्ही पडद्यांच्या उजव्या कोपऱ्यात खाली ‘ॲक्टिव्हेट विंडोज’ ही फिकट अक्षरे उमटली. दोन्ही यंत्रांची बिले फाइलमध्ये होती आणि दोन्हींवर ‘विंडोज १० प्रो’ असाच उल्लेख होता. तरीही एका यंत्राचा परवाना पंधरा मिनिटांत पुन्हा चालू झाला आणि दुसऱ्यासाठी नवा विकत घ्यावा लागला. पहिला परवाना रिटेल होता, दुसरा ओईएम. हे दोन शब्द बिलावर कुठेच नव्हते.

ओईएम परवाना हा संगणक तयार करणाऱ्या कंपनीसाठी किंवा सुटे भाग जोडून संगणक विकणाऱ्यासाठी असतो. तो स्वस्त पडतो, पण ज्या यंत्रावर पहिल्यांदा सक्रिय झाला त्याच यंत्राशी बांधला जातो आणि ते यंत्र भंगारात गेले की तोही संपतो. रिटेल परवाना तुमच्या नावचा असतो. तो एका वेळी एकाच यंत्रावर वापरता येतो, पण जुन्या यंत्रावरून काढून नव्यावर नेण्याची मुभा असते. अडचण आली तर ओईएमच्या बाबतीत मदतीची जबाबदारी यंत्र विकणाऱ्याची असते, रिटेलच्या बाबतीत मायक्रोसॉफ्टची. वापरताना मात्र दोन्हींत तसूभरही फरक जाणवत नाही, कारण सोयी त्याच आणि सुरक्षेची अपडेटही तीच. फरक कळतो तो यंत्र बिघडल्यावर, म्हणूनच खरेदीच्या वेळी त्याकडे दुर्लक्ष होते.

‘ओरिजिनल विंडोज’ एवढ्यावर समाधान मानणे

आपल्याकडे असेंबल्ड संगणकाच्या कोटेशनमध्ये प्रोसेसर, रॅम, एसएसडी यांची नावे मॉडेल क्रमांकासह लिहिलेली असतात आणि शेवटी ‘ओरिजिनल विंडोज’ असा मोघम शब्द असतो. दोन्ही परवाने ओरिजिनलच असल्यामुळे हा शब्द काहीच सांगत नाही. बिलावर आवृत्ती कोणती, म्हणजे होम की प्रो, आणि परवाना ओईएम की रिटेल, हे लिहून घ्यावे.

महाग परवाना प्रत्येकानेच घ्यावा असे मी म्हणणार नाही. शिरोलीच्या एखाद्या फाउंड्रीत धातूची तपासणी करणाऱ्या यंत्राशेजारी जो संगणक आठ-दहा वर्षे कोणी उघडणारही नाही, त्याला ओईएम पुरेसा आहे. याउलट डिझाइनचे किंवा व्हिडिओचे काम करणारा माणूस दर दोन-तीन वर्षांनी एकेक भाग बदलत जातो. त्याने सुरुवातीलाच रिटेल घेतला, तर पहिल्या मदरबोर्ड बदलातच जादा पैसे वसूल होतात.

परवाना न तपासता मदरबोर्ड बदलणे

रॅम, डिस्क किंवा ग्राफिक्स कार्ड बदलल्याने सहसा परवाना हलत नाही, पण मदरबोर्ड बदलला की विंडोजच्या लेखी ते नवे यंत्र ठरते. म्हणून पाना हातात घेण्यापूर्वी आपल्याकडे काय आहे ते पाहावे. विंडोजची कळ आणि आर एकत्र दाबून उघडणाऱ्या खिडकीत रोमन लिपीत ‘एसएलएमजीआर’ लिहावे, एक जागा सोडून तिरपी रेघ द्यावी, तिला लागून ‘डीएलआय’ लिहावे आणि एंटर दाबावे. काही क्षणांनी एक छोटी चौकट उघडते. तिच्यातील वर्णनाच्या ओळीत शेवटी ‘रिटेल’ दिसले तर तो रिटेल, ‘ओईएम’ने सुरू होणारा शब्द दिसला तर तो यंत्रासोबतचा, आणि ‘व्हॉल्यूम’ दिसले तर तो एखाद्या संस्थेला दिलेल्या घाऊक परवान्यातील. खासगी लॅपटॉपवर ‘व्हॉल्यूम’ दिसत असेल, तर तो कोणी आणि कसा टाकला याची चौकशी करायलाच हवी.

रिटेल किंवा ‘डिजिटल’ स्वरूपाचा, म्हणजे मायक्रोसॉफ्टकडे ऑनलाइन नोंदलेला परवाना असेल, तर मदरबोर्ड काढण्यापूर्वीच तो मायक्रोसॉफ्टच्या खात्याशी जोडून ठेवावा. ही सोय विंडोज १० मध्ये २०१६ च्या १६०७ या आवृत्तीपासून आहे. बोर्ड बदलल्यावर ‘सी००४एफ२११’ असा शेवट असलेला त्रुटी क्रमांक आला, तर सेटिंग्जमधील ॲक्टिव्हेशनच्या ट्रबलशूटरमध्ये हार्डवेअर नुकतेच बदलल्याचा पर्याय निवडून त्याच खात्याने प्रवेश करावा. मात्र खात्याशी जोडल्याने ओईएमचा रिटेल होत नाही. हा गैरसमज मी अनेक ठिकाणी ऐकला आहे.

ओईएमलाही एक सवलत आहे. मदरबोर्ड सदोष झाल्यामुळे बदलला आणि त्याच मॉडेलचा किंवा निर्मात्याने वॉरंटीच्या नियमानुसार समतुल्य म्हणून दिलेला बोर्ड बसवला, तर नवा परवाना लागत नाही. यंत्र अधिक वेगवान व्हावे म्हणून बोर्ड बदलला तर ही सवलत मिळत नाही. शाहूपुरीतील त्या दुसऱ्या संगणकाची वॉरंटी संपलेली होती आणि त्या मॉडेलचा बोर्ड बाजारात उरला नव्हता, म्हणून दुसऱ्या जातीचा बसवावा लागला आणि परवाना हातचा गेला.

लॅपटॉप फॉरमॅट करताना भलतीच आवृत्ती टाकणे

ही सर्वांत जास्त आढळणारी चूक आहे आणि तिची झळ सामान्य कुटुंबांना बसते. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, नामांकित कंपन्यांच्या लॅपटॉपची ‘की’, म्हणजे परवान्याचा सांकेतिक क्रमांक, मदरबोर्डवरील चिपमध्येच भरलेली असते. आपल्याकडील बहुतेक घरगुती लॅपटॉपमध्ये ती ‘होम सिंगल लँग्वेज’ या आवृत्तीची असते. दुरुस्ती करणारा सवयीने ‘प्रो’ टाकतो, ते बोर्डातील कीशी जुळत नाही, मग तो कुठलेसे ॲक्टिव्हेटर, म्हणजे परवान्याशिवाय विंडोज सक्रिय करणारे बेकायदा सॉफ्टवेअर, चालवतो. अशा प्रकारे हक्काचा परवाना खिशात असताना ग्राहक विनापरवाना विंडोज वापरू लागतो आणि ॲक्टिव्हेटरसोबत आत काय आले याची त्याला कल्पनाही नसते.

उपाय सोपा आहे. मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरून पेन ड्राइव्ह तयार करून मूळचीच आवृत्ती टाकावी. की विचारली गेलीच तर ती पायरी वगळावी आणि नंतर इंटरनेट जोडावे. विंडोज स्वतःच बोर्डातील की वाचून सक्रिय होते. ‘सिंगल लँग्वेज’मध्ये मराठी टाइप करता येत नाही, म्हणून प्रो टाकले, असेही कारण मला एकदा ऐकवले गेले. ती मर्यादा केवळ विंडोजच्या पडद्यावरील मेनूंच्या भाषेपुरती आहे. मराठी कीबोर्ड त्यात बिनदिक्कत जोडता येतो.

विंडोज ७ च्या काळातील संगणकांवर की कॅबिनेटला चिकटवलेल्या पट्टीवर छापलेली असे. त्या पट्ट्या आता घासून पुसट झाल्या आहेत, आणि त्या कीवर विंडोज १० किंवा ११ टाकण्याचा मार्गही मायक्रोसॉफ्टने सप्टेंबर २०२३ मध्ये बंद केला. त्यामुळे जुन्या कॅबिनेटवर पट्टी आहे एवढ्यावर विसंबून सेकंडहँड यंत्र घेऊ नये.

काहीशे रुपयांची की

ऑनलाइन मिळणाऱ्या अतिस्वस्त की बहुधा घाऊक परवान्यातून फोडलेल्या किंवा भंगारातील यंत्रांवरून उतरवलेल्या असतात. त्या पहिल्या दिवशी चालतात, म्हणून लोक निर्धास्त होतात. घाऊक परवान्याच्या एका प्रकारात संगणकाला संस्थेच्या सर्व्हरशी संपर्क साधून दर १८० दिवसांच्या आत नूतनीकरण करावे लागते, तो संपर्क तुमच्या घरून कधीच होत नाही. बाकीच्या की केव्हाही बाद केल्या जाऊ शकतात. व्यवसायासाठी वापर असेल तर प्रश्न फक्त गैरसोयीचा राहत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ ब नुसार बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरल्यास ७ दिवस ते ३ वर्षे कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड होऊ शकतो.

जुना संगणक रिटेल कीसह विकणे

रिटेल परवाना तुमचा आहे, पण तो जुन्या यंत्रावरून काढण्याचे कामही तुमचेच आहे. ते न करता यंत्र विकले आणि तीच की नव्या यंत्रावर टाकली, तर ती आधीच वापरात असल्याचा, ‘सी००४सी००८’ असा शेवट असलेला संदेश येतो. विकण्यापूर्वी कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून त्यात वर सांगितल्याप्रमाणेच ‘एसएलएमजीआर’ लिहावे, मात्र तिरप्या रेघेनंतर ‘यूपीके’ द्यावे. त्याने की यंत्रातून निघते. खात्यातील उपकरणांच्या यादीतूनही ते यंत्र वगळावे.

विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा आधार (सपोर्ट) १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ ला लागणारी टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय नसलेले अनेक जुने संगणक बदलावे लागत आहेत, म्हणून या शेवटच्या मुद्द्याला आता विशेष महत्त्व आले आहे. तुमच्याकडे विंडोज १० ची रिटेल की असेल, तर ती जुन्या यंत्रावरून काढून नव्या यंत्रावर त्याच आवृत्तीच्या विंडोज ११ ला चालते. नव्या असेंबल्ड संगणकाच्या कोटेशनमधून विंडोजची ओळ तुम्ही निःशंकपणे कमी करायला सांगू शकता.